अडतिसाव्या चित्रानंतर

हॉस्पिटलात तिला कुणी नावाने हाक मारत नसे. मोठ्या सरांनी एकदा कौतुकाने 'आमची कात्री' म्हटलं आणि तेव्हापासून झाडूवालीपासून बड्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांची ती कात्रीच झाली. आता कुणी म्हणेल, बाईमाणसाला हे काय नाव! पण तिला त्याचा राग नव्हता. खोटं कशाला बोला, ती ते मिरवायची.

हृदयाची अँजिओग्राफी होते ती खोली तिची. मनगटातून एक बारीक नळी हृदयापर्यंत सरकवायची, तिच्यातून रंग सोडायचा, आणि तो रंग रक्तवाहिन्यांतून धावताना क्ष-किरणांनी त्याची फिल्म घ्यायची, असं ते काम. फिल्म सुरू-बंद करायला टेबलाखाली एक पेडल असतं. इतर ठिकाणी डॉक्टर स्वतःच त्यावर पाय ठेवतात. पण मोठ्या सरांचा एक गुडघा कामातून गेलेला, म्हणून इथे रीत अशी पडली की नळी सरांच्या हातात आणि पेडल कात्रीच्या पायाखाली. ती पेशंटला सांगायची, "श्वास घ्या, आता धरा." मग पाय दाबायची, आणि रंग मोठ्या वाहिन्यांच्या टोकाला पोचला रे पोचला की पाय उचलून म्हणायची, "सोडा." एक चित्र जास्त नाही. किरण कमी, वेळ कमी, सकाळची यादी जेवणाआधी फत्ते. सर पाहुण्या डॉक्टरांना सांगायचे, "हिच्या पायाला डोळे आहेत." अकरा वर्षं ती हे ऐकत होती, आणि अकरा वर्षांत तिला कुणी विचारलं नव्हतं की पाय उचलल्यावर आत काय होतं.

तिच्या थोरल्या बहिणीची, अक्काची, अँजिओग्राफी याच टेबलावर झाली होती. त्याला दोन वर्षं झाली. अक्काच्या छातीत डावीकडे मूठ आवळल्यासारखी कळ यायची. जिना चढताना यायची, कधी केस विंचरताना, कधी नुसती बसल्या बसल्या. फिल्ममध्ये वाहिन्या लख्ख निघाल्या. घरच्यांनी हुश्श केलं, आणि मग हळूहळू अक्काचं म्हणणं मनावर घेणंही सोडलं. भावजी म्हणायचे, "आमच्या हिचं हृदय म्हणजे सरकारी कचेरी. ऐन कामाच्या वेळी बंद!" सगळे हसायचे. कात्रीही हसायची. मन शांत करायच्या गोळ्या सुरू झाल्या. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, त्यातला प्रकार. गोळ्यांनी झोप यायची, कळ काही जायची नाही. अक्काने सहा महिने सांगून पाहिलं. शेवटी एक दिवस कात्रीच वैतागून म्हणाली, "अक्का, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. आत काही नाही. तू उगाच मनाला लावून घेतेस." त्या दिवसापासून अक्काने कळीचं नाव काढणं सोडलं.

गेल्या महिन्यात ती जिन्यात पडली. घर तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर शेजारणीला ती पायरीवर सापडली, ओठ पांढरेफटक, कपाळाला खोक. "पाय घसरला," म्हणाली. कात्रीने तिला नेऊन टाके घालून आणले. येताना रिक्षात तिच्या लक्षात आलं की अक्काचा हात छातीवर दाबलेला आहे. तिची नजर तिकडे जाताच अक्काने हात झटकन मांडीवर घेतला, चोरी पकडली गेल्यासारखा. कात्रीच्या मनात पाल चुकचुकली. पण रिपोर्टवर 'वाहिन्या स्वच्छ' असं लिहिलेलं होतं, आणि रिपोर्टच्या वर जाणारी ती कोण?

त्याच सुमाराला हॉस्पिटलात नव्या मॅडम आल्या. वयाने कात्रीपेक्षा लहान, बोलायला मऊ, पण एकदा धरलं की सोडायचं नाही असा स्वभाव. तिसऱ्याच आठवड्यात त्यांनी कात्रीला गाठलं.

"ताई, ज्यांच्या वाहिन्या स्वच्छ निघाल्या पण छातीत दुखतच राहिलं, अशा सगळ्यांच्या फिल्म काढून द्याल मला?"

"स्वच्छ फिल्ममध्ये काय बघणार मॅडम?"

मॅडमनी समोरच्या कागदावर एक जाड रेघ ओढली, तिला फांद्या काढल्या, फांद्यांना फाटे काढले आणि पेन उचललं. "फिल्मवर आपल्याला इथपर्यंतच दिसतं. याच्यापुढे केसाहून बारीक वाहिन्या आहेत, असंख्य. हृदयाच्या मांसाला रक्त पोचवायचं काम त्यांचं. त्या आकडल्या किंवा ताठरल्या, तर मोठ्या वाहिन्या कितीही स्वच्छ असोत, माणसाला कळ येतेच. हमरस्ता मोकळा आणि गल्लीबोळ तुंबलेले. त्या बारीक वाहिन्या दिसत नाहीत, पण त्या तुंबल्या की मागे मोठ्या वाहिन्यांत रंग रेंगाळतो कधीकधी. किती चित्रं रेंगाळतो, तेवढं मोजायचंय."

कात्रीने कागदावरच्या फाट्याच्या टोकावर बोट ठेवलं. "मॅडम, रंग टोकाला पोचला की मी थांबवते."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

मॅडमनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "असू दे," त्या म्हणाल्या. "तरी काढून ठेवा. निदान नावं तरी मिळतील."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे डबे उघडून बसले तेव्हा कात्री फिल्म बघायच्या खोलीत शिरली. जाड काचेमागची ती चिंचोळी खोली. दोन पडदे, एक खुर्ची, जुन्या फिल्मचं कपाट, खुंट्यांवर शिशाचे जड एप्रन, आणि वरून गार वारा सोडणारं यंत्र. काम सोपं होतं. फिल्म लावायची, कोपऱ्यातला आकडा वहीत टिपायचा, पुढची लावायची. सेकंदाला पंधरा चित्रं. चाळीस चित्रं, छत्तीस, एकेचाळीस. कुणाचीही फिल्म तीन सेकंदांच्या वर नाही. दोनशे बारा फिल्म होत्या आणि त्यांतल्या बहुतेक बायकांच्या.

पन्नासेक झाल्यावर तिला काहीतरी खटकायला लागलं. काय ते आधी कळेना. मग कळलं. प्रत्येक फिल्मच्या शेवटच्या चित्रात फासळ्या वर उचललेल्या होत्या. 'धरा' म्हटल्यावर धरलेला श्वास. तिचं 'सोडा' कुठल्याच फिल्ममध्ये नव्हतं, कारण ते ती पाय उचलल्यावर म्हणायची. म्हणजे या कपाटात दोनशे बारा माणसं श्वास धरून पडली होती, कुणी आठ वर्षं, कुणी नऊ. कात्रीने स्वतःला दटावलं. अगं बाई, फिल्म आहे ती, माणूस नव्हे. पण पुढची फिल्म लावताना आपलाही श्वास अडकलाय हे तिला जाणवलं, आणि तो पुरता सोडवेना.

एकशे सदतिसावी फिल्म अक्काची होती. आकडा तिला पाठ होता, अडतीस. तिने बटण दाबलं. नळीच्या टोकाशी काळा रंग उमटला, मोठ्या वाहिनीत उतरला, फांद्यांत पसरला. टोकाला पोचला. अडतीस.

फिल्म थांबली नाही.

कोपऱ्यातला आकडा अडतीसवरच होता, पण पडद्यावर हृदय धडधडत होतं. एक ठोका, दुसरा, तिसरा. रंग पुढे सरकून फिका पडायला हवा होता, पण फांद्यांच्या टोकांशी तो उभाच होता, दार न उघडल्याने ताटकळलेल्या माणसासारखा. मग त्या टोकांच्या पलीकडे, जिथे फिल्मवर कधीच काही दिसत नाही तिथे, करड्या रंगाचं बारीक जाळं उमटू लागलं. इतकं बारीक की ती पुढे झुकली आणि तिचं कपाळ पडद्याच्या काचेला टेकलं. ते जाळं आवळत होतं. प्रत्येक ठोक्यागणिक थोडं थोडं, मूठ मिटावी तसं. फासळ्या मात्र हलत नव्हत्या. वर उचललेल्या त्या उचललेल्याच.

तिने बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं, चांगलं खटखटून दाबलं. काही नाही. शंभर ठोके झाले, दोनशे झाले. इतका वेळ माणूस श्वास धरू शकत नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं. यंत्राचा गार वारा मानेवर येत होता आणि तिला दरदरून घाम फुटला होता. शेवटी तिच्या तोंडून आपोआप निघालं, "सोड. अक्का, सोड गं श्वास!"

फासळ्या खाली आल्या. पडदा काळा झाला. कोपऱ्यात आकडा होता, अडतीस.

डबा खाऊन मॅडम आल्या तेव्हा ती भिंतीला पाठ लावून उभी होती. तिने फिल्म पुन्हा लावली. अडीच सेकंद, अडतीस चित्रं, खलास. पुन्हा लावली. तेच. पाचव्यांदा लावल्यावर तिची तिलाच लाज वाटली. "मॅडम, शपथेवर सांगते, पुढे होतं. मी पाहिलं. आता नाही दाखवत, पण होतं. वेड लागलंय म्हणा हवं तर."

बोलता बोलताच ती गप्प झाली. हेच शब्द तिने आधी ऐकले होते, अक्काच्या तोंडून, जवळपास याच क्रमाने. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे म्हणतात ते काही उगाच नाही.

मॅडमनी खुर्ची ओढून तिला बसवलं. "यंत्रात दिसत नाही म्हणून कुणाला खोटं पाडायचं नाही, एवढं मी ठरवलंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय पाहिलं ते मला सांगता येणार नाही. पण तुमच्या बहिणीला अजून दुखतं का?"

"सांगत नाही ती. पण दुखतं."

"मग आणा त्यांना."

आणा म्हणणं सोपं होतं. अक्का ऐकेना. भाजी निवडत बसलेली, मान वर न करता म्हणाली, "परत 'स्वच्छ' ऐकायला मी येणार नाही. एकदा ऐकलं, पुष्कळ झालं. आता जे होईल ते होईल." भावजी पेपरामागून म्हणाले, "घ्या! आता हिला परत टेबलावर चढवा." कात्रीने त्यांच्याकडे असं पाहिलं की पेपर पुन्हा वर गेला.

ती अक्काच्या शेजारी खाली बसली. "अक्का, मी पाहिलंय."

"काय पाहिलंस?"

"रंग टोकाशी जाऊन थांबलाय. पलीकडे जाळ्यासारखं काहीतरी आहे, ते आवळतं. असं." तिने अक्काच्या डोळ्यांसमोर हळूहळू मूठ मिटली.

अक्काच्या हातातली भाजी तशीच राहिली. ती त्या मुठीकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. दोन वर्षांत तिने कळीचं वर्णन करताना शंभरदा तशीच मूठ मिटून दाखवली होती. "मग गेला का तो रंग पुढे?" तिने विचारलं.

"माहीत नाही," कात्री म्हणाली. "मी पाहिलं तोवर तरी नाही."

"नाहीच गेलेला," अक्का म्हणाली, आणि उठून हात धुवायला गेली.

मॅडमनी भावजींना बसवून सगळं सांगितलं. नळीतून एक औषध थोडं थोडं सोडायचं. बारीक वाहिन्या निरोगी असतील तर त्या सैलावतात, आजारी असतील तर आकडतात आणि नेहमीची कळ येते. "म्हणजे बरं व्हायला आलेल्या माणसाला आधी मुद्दाम दुखवायचं?" भावजींनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. "हो," मॅडम म्हणाल्या. "थोडा धोका आहे, तो लपवत नाही. पण आकडलेल्या वाहिन्या सैल करायचं औषध हातात धरूनच मी कळ आणते. आणि नेमकं काय आहे ते कळल्याशिवाय औषध द्यायचं ते कशावर?"

ठरल्या दिवशी सकाळी नऊला अक्का टेबलावर होती. काचेमागे मोठे सर येऊन उभे राहिले, हाताची घडी घालून. मॅडम कात्रीला म्हणाल्या, "पेडल तुमच्याकडेच राहू दे. मी सांगेपर्यंत पाय उचलायचा नाही."

पहिला डोस गेला. काही नाही. दुसरा गेला. अक्का छताकडे बघत होती. तिसऱ्या डोसाला तिच्या पायाची बोटं ताठ झाली.

"आलं," ती म्हणाली.

"नेहमीचंच आहे का? नीट सांगा."

"हेच. हेच ते." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. ते हसू बघून कात्रीच्या अंगावर सर्रकन काटा आला. इतक्या वेदनेत माणूस इतकं खूश झालेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. बाजूच्या पडद्यावर हृदयाच्या आलेखाची रेघ खाली खाली बसत चालली होती, म्हणजे हृदयाला रक्त पुरत नव्हतं.

"फिल्म," मॅडम म्हणाल्या, आणि कात्रीने पाय दाबला. रंग मोठ्या वाहिनीत उतरला. वाहिनी मोकळी, लख्ख, कुठे अडथळा नाही. रंग टोकाला पोचला. अडतीस. अकरा वर्षांच्या सवयीने तिची टाच उचलली जाऊ लागली. तिने दुसऱ्या पायाने ती दाबून धरली. पंचेचाळीस. साठ. रंग उभा होता. त्याच फांदीच्या टोकाशी, त्याच जागी, त्या दुपारी ठोक्यामागून ठोका तिने पाहिला होता तसाच्या तसा. यापुढचं काय येणार ते तिला आधीच ठाऊक होतं, आणि ते येत होतं. फक्त ते करडं जाळं या खेपेला दिसलं नाही. अक्का कण्हली. कात्रीला ओरडावंसं वाटलं, पुरे, सोडा तिला. पण ती पाय दाबून उभी राहिली. नव्वद. शंभर.

"पुरे," मॅडम म्हणाल्या आणि हातातलं औषध नळीत सोडलं. अर्ध्या मिनिटात आलेखाची रेघ वर आली. पुढच्या फिल्ममध्ये रंग फांद्यांतून सुरळीत निघून गेला. अक्काने डोळे मिटले.

काचेमागून ध्वनिक्षेपकावर सरांचा आवाज आला. "पण वाहिन्या स्वच्छ आहेत."

"हो सर," मॅडम म्हणाल्या. "आजार त्यांच्या पुढे आहे."

 सरांनी घडी घातलेले हात सोडले.  जाताना त्यांनी एवढंच विचारलं की अशा किती जणी असतील, आणि उत्तराला न थांबता निघून गेले. आकडा फक्त कात्रीच्या वहीत होता.

अक्काला बाहेरच्या खोलीत आणून निजवलं. मनगटाला दाबपट्टा बांधलेला. मॅडमनी येऊन सांगितलं की या बारीक वाहिन्या सैल ठेवणाऱ्या गोळ्या असतात, त्या आजपासून सुरू. कदाचित बदलून बघाव्या लागतील, कळ एका दिवसात जायची नाही, पण आता आपण काळोखात तीर मारत नाही. मन शांत करायची गोळी बंद. भावजी पायाशी उभे होते. त्यांनी अक्काच्या पायावरचं पांघरूण उगाचच सारखं केलं. मग चहा आणतो म्हणून बाहेर गेले.

दोघीच उरल्या. कात्रीला आता राहवेना.

"अक्का, तुला एक सांगायचंय. त्या वेळी फिल्म मी बंद केली होती. आणखी चार सेकंद पाय ठेवला असता तर कदाचित तेव्हाच काहीतरी दिसलं असतं. दोन वर्षं तू जे भोगलंस ना, ते माझ्या पायाने. सरांच्या नव्हे, माझ्या."

 बाहेर कुणाची तरी चाकाची खुर्ची कुरकुरत गेली.

"मला माहीत आहे," अक्का म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तू 'सोडा' म्हणालीस तेव्हाच तू पाय उचललास हे मला कळलं होतं. नेमकी तेव्हाच कळ यायला लागली होती. मी सांगायला तोंडही उघडलं होतं, की थांब गं, आत्ता बघ, आत्ता आलीय."

"मग बोलली का नाहीस?" कात्रीचा आवाज चिरका झाला. "अक्का, का नाही बोललीस तेव्हा?"

"तेवढ्यात तुझे सर सगळ्यांना म्हणाले, बघा, हिच्या पायाला डोळे आहेत. चारचौघं तुझ्याकडे वळून बघायला लागले. तू लाजलीस." अक्काने मोकळ्या हाताने तिचा हात धरला. "तुझं कौतुक होताना मी पहिल्यांदाच बघत होते गं."